लाल ठिपका कोणाच्या गावाला?

या महिन्याच्या पत्रांत तीन पत्रं समुद्रावरच्या कचऱ्याची निघाली. आकडेमोडीच्या सदरात कचरा कशाला, असं कुणाला वाटेल, पण आषाढातल्या उधाणानंतर आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काय येऊन पडतं ते ज्याने पाहिलंय त्याला तसं वाटणार नाही. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. ते मुद्दामच तसं ठेवलं.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण गेली चार वर्षं रविवारी सकाळी आमच्या भागातल्या तीन पुळणी साफ करतो. नुसतं उचलत नाही, मोजतो. बाटल्या, झाकणं, पुड्या, दोर, चपला, थर्माकोल, सगळं वहीत आहे. यंदा भाच्याने त्या आकड्यांचा नकाशा करून दिला. जिथे जास्त कचरा सापडला तिथे मोठा लाल ठिपका. आम्ही तो हौसेने ग्रामसभेत लावला. ज्या गावाच्या पुळणीवर सगळ्यात मोठा ठिपका होता तिथल्या सरपंचबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “येता तेव्हा चहा आमच्याकडे पिता, आमची पोरं तुमच्याबरोबर वाकतात, आणि बदनामी पण आमचीच?” आम्हाला उत्तर सुचलं नाही. आकडे तर खरे आहेत. मग चुकलं काय?
(एक वाचिका, दापोली तालुका)

उत्तर : सरपंचबाईंचं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते.

तुम्ही वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. दोन संध्याकाळी बसून मी सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या. पुळणींची खरी नावं इथे देत नाही. मोठी, खाडीची आणि सुरूची असं म्हणू या. मोठी म्हणजे सरपंचबाईंच्या गावची. चार वर्षांत मोठीवर ९,१२० नग सापडले, खाडीच्या पुळणीवर ३,१०० आणि सुरूच्या पुळणीवर १,९८०. भाच्याने हे तीन आकडे घेतले आणि त्या मापाचे तीन गोल काढले. गोल बिनचूक आहेत.

आता वहीतल्या तारखा मोजा. मोठीवर तुम्ही ३८ वेळा गेलात, सुरूवर ११ वेळा आणि खाडीवर फक्त ५ वेळा. मोठीवर रस्ता थेट वाळूपर्यंत जातो, मुलं मदतीला येतात, वर चहा मिळतो. खाडीकडे जायला तर उतरून चिखल तुडवावा लागतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एका खेपेला मोठीवर २४० नग निघाले, खाडीवर ६२०, सुरूवर १८०. शिवाय पुळणी सारख्या लांबीच्या नाहीत. तुम्ही पावलांनी मोजलेली लांबी ८००, २०० आणि ३०० मीटर. मग एका खेपेला दर १०० मीटरमागे मोठीवर ३० नग पडतात, खाडीवर ३१० आणि सुरूवर ६०. ज्या पुळणीवर सगळ्यात मोठा ठिपका लावलात, तिथेच १०० मीटरमागे सगळ्यात कमी कचरा सापडलाय.

पण लगेच दुसरा नकाशा काढायला घेऊ नका. खाडीवर मोठा ठिपका लावलात तर पुढच्या ग्रामसभेत दुसरे सरपंच उभे राहतील, आणि त्यांचंही बरोबर असेल. चार वर्षांत ३८ खेपा म्हणजे साधारण ३८ दिवसांनी एक. ५ खेपा म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांनी एक. मोठीवरचे ३० नग ३८ दिवसांत साचलेले आहेत आणि खाडीवरचे ३१० नग २९२ दिवसांत. भागून बघा. दिवसाला, दर १०० मीटरमागे, मोठीवर ०.८ आणि खाडीवर १.१. मघाशी दिसलेली दहा पट जागच्या जागी विरघळली.

बरं, हा भागाकारही पुरता खरा नाही. कचरा काही तुमची वाट बघत पुळणीवर बसून राहत नाही. उधाणाची भरती तो परत नेते, वाळू पुरून टाकते, वारा सुरूच्या बनात ढकलतो. दहा महिन्यांत किती आला आणि किती गेला हे ५ खेपांतून कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की तुमच्या वहीतून तीन गावांचा क्रम लावताच येत नाही, आणि तो लावू नये. तुमच्या नकाशावर दिसलं ते एवढंच, की तुम्ही कुठे जास्त वेळा गेलात.

ही चूक एकट्या तुमच्या भाच्याची नाही, हे त्याला सांगा. स्वयंसेवकांनी गोळा केलेल्या आकड्यांत ती कायम दबा धरून असते, कारण माणसं जिथे जाणं सोपं तिथे जातात. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी पहिली मोठी सफाई उभी केली. २,८०० माणसं आली आणि दोन तासांत १२४ टन कचरा निघाला. पण मला त्यांचं मोल टनांमुळे वाटत नाही. त्यांनी प्रत्येकाच्या हातात नोंदीचं कार्ड दिलं, काय उचललं ते वस्तूगणिक लिहायला लावलं. आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर जी किनारा सफाई होते तिचं मूळ त्या कार्डात आहे. वायव्य युरोपातल्या देशांनी ओस्पार या समुद्ररक्षणाच्या करारातून त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक ठिकाणी ठरलेला १०० मीटरचा तोच पट्टा, वर्षातून चार वेळा, ठरलेल्याच यादीने मोजायचा. असं सगळीकडे एका मापाने मोजलं गेलं म्हणूनच २०२० मध्ये युरोपीय संघाला १०० मीटरला २० नग ही मर्यादा ठरवता आली. माप एक नसतं तर २० या आकड्याला काही अर्थच राहिला नसता.

तुम्हीही तेच करा. पुळणी पूर्ण साफ करा, पण मोजणी वेगळी ठेवा. तिन्ही पुळणींवर १०० मीटरचा एकेक पट्टा नक्की करा, दोन्ही टोकांना न हलणारी खूण धरा. एखादा कातळ, धक्क्याची पायरी, सुरूचं जुनं झाड. ओहोटीच्या पाण्यापासून वर झाडीच्या काठापर्यंत सगळं त्यात आलं. वर्षातून चार वेळा तिन्हीकडे एकाच आठवड्यात मोजा. चिखल तुडवावा लागला तरी.

वहीत तीन रकाने वाढवा: किती माणसं होती, किती वेळ मोजलं, आणि मागच्या सफाईला किती दिवस झाले. आणि शून्य लिहा. हे मी हात जोडून सांगते. आमच्या मोजणीत एका मार्चमध्ये मुली पट्ट्यावरून हात हलवत परत आल्या, “मॅडम, काहीच नाही,” म्हणाल्या आणि पान कोरं ठेवलं. मी तेव्हा काही बोलले नाही. वर्षअखेरीला आलेख काढायला बसले तेव्हा ते कोरं पान म्हणजे गेलोच नव्हतो की गेलो आणि काही नव्हतं, हे कुणालाच आठवेना. चार वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस आमच्या आलेखात नाही. त्याची हळहळ मला अजून वाटते.

आणखी एक गोष्ट. तुमच्या वहीत दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक ओळ आहे: “जाळं – १”. समासात बारीक अक्षरात: “चौघांनी कोयत्याने कापून काढलं, दीड तास.” मी ती ओळ परत परत वाचली. तुमच्या बेरजेत हे जाळं आणि शांपूची एक पुडी सारखीच, प्रत्येकी एक नग. नग मोजले की जाळं दिसत नाही, आणि वजन केलं की पुड्या दिसत नाहीत, कारण शंभर पुड्यांचं वजन ते काय! त्यात ओली वाळू भरलेला दोर वजनाला काहीच्या काही भरतो. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा सफाईचं जे काम सुरू केलं ते टनांत सांगतात आणि तिथे ते योग्यच होतं, तेवढ्या थरात नग मोजायचे कसे? तुमच्या पुळणीवर मात्र नगच मोजा, आणि जाळ्यासारखी वस्तू आली की तिची वेगळी नोंद करून आलेखात त्या तारखेवर वेगळी खूण करा.

आता चित्र. नकाशा बाजूला ठेवा आणि साधा आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर चार वर्षांच्या तारखा, उभ्या अक्षावर दर १०० मीटरमागे नग. प्रत्येक खेपेला एक टिंब. टिंबं रेषेने जोडू नका, दोन खेपांच्या मध्ये काय होतं ते आपल्याला माहीत नाही. तीन पुळणींचे तीन आलेख एकाखाली एक, उभ्या अक्षाचं माप तिन्हीला सारखं. जून ते सप्टेंबरचा भाग फिकट करड्या रंगाने भरा. ज्या दिवशी दोघं-तिघंच होतात त्या दिवसाचं टिंब पोकळ ठेवा. लाल रंग नको. लाल म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं, आणि लाल-हिरवा ज्यांना वेगळा दिसत नाही अशी माणसं प्रत्येक सभेत एखाद-दुसरं तरी असतंच.

मी तुमच्या ५४ खेपांचं असं चित्र काढून पाहिलं. मोठीवर करड्या पट्ट्यात टिंबं वर उड्या मारतात आणि दिवाळीनंतर खाली येऊन बसतात. चारही वर्षं. हे गावाचं वागणं नाही, हा दर्या आहे. पावसाळ्यात वारा आणि लाटा पश्चिमेकडून किनाऱ्यावर येतात आणि सह्याद्रीतून धावत आलेल्या नद्या वाटेतल्या गावा-शहरांचं सगळं घेऊन समुद्राला मिळतात. त्या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा उत्तरेकडे. तेव्हा पुळणीवर पडलेली वस्तू त्याच गावात टाकलेली असेल असं धरून चालताच येत नाही. सरपंचबाईंना हा करडा पट्टा आधी दाखवा.

त्यांना सांगण्यासारखं आणखी एक आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खेपा कमी-जास्त झाल्या की बेरजा हलतात, पण कचऱ्यात कशाचा वाटा किती, हे त्या मानाने टिकून राहतं. मोठीवर दहातले चार नग नायलॉनच्या दोराचे तुकडे आहेत, बोटभर लांबीचे, निळे-हिरवे. खाडीच्या पुळणीवर निम्म्याहून जास्त पुड्या आहेत: शांपू, वेफर्स, गुटखा (आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी असलेला). दोन पुळणींवर दोन वेगळे आजार आहेत. पुड्या नदीने आणलेल्या असण्याची शक्यता दाट, तो प्रश्न वरच्या बाजारपेठेत जाऊन विचारायला हवा. दोराचे ते तुकडे मी ओळखते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, जाळी दुरुस्तीला निघतात, माणसं ओट्यावर आणि वाळूत बसून गाठी मारतात आणि उरलेलं टोक सुरीने कापून तिथेच टाकतात. टोक कापलेलं असेल तर कड नीट असते. समुद्रात झिजून तुटलेल्या दोराचं टोक कुंचल्यासारखं पिंजलेलं असतं. पुढच्या वेळी दोराचे तुकडे या दोन ढिगांत वेगळे मोजा. नीट कडेचे जास्त निघाले, तर धक्क्यावर दोन पोती टांगून तांडेलांशी बोलायचं, एवढंच काम आहे आणि ते गावातल्या गावात होण्यासारखं आहे.

यासाठी आडव्या पट्ट्यांचा आलेख करा. वरपासून खाली, जास्तपासून कमीकडे, प्रत्येक पट्टीसमोर वस्तूचं नाव बोलीतलं लिहा. यादी बाहेरची वापरलीत तरी तुमच्या पुळणीचे शब्द तिच्यात घाला. पहिल्या तीन वर्षांत तुम्ही दोर ‘इतर’मध्ये टाकत होतात, असं टिपांवरून दिसतं. चौथ्या वर्षी वेगळा केलात. म्हणून आलेखावर ती तारीख लिहायला हवी, आणि चाळीस टक्क्यांचा आकडा फक्त चौथ्या वर्षाचा आहे हेही. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, दोर एकदम वाढला.

नकाशा हवाच असेल तर भाच्याला सांगा, तिन्ही ठिकाणी सारखाच लहान काळा ठिपका दे, शेजारी “३८ वेळा मोजलं” असं लिही, आणि बाकीचा किनारा तिरप्या रेघांनी भरून त्यावर “इथे कुणी मोजलेलं नाही” असं लिही. मोकळी जागा दिसली की लोक ती स्वच्छ समजतात. आणि त्या ३८च्या खाली, मदतीला आलेल्या मुलांच्या गावाचं नाव ठळक येऊ दे. जास्तीत जास्त नोंद ज्या पुळणीची आहे ती त्यांची आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलांना पुळणीवर चिनी आणि अरबी अक्षरांच्या बाटल्या सापडल्या. जगाच्या नकाशावर त्या त्या देशापासून आमच्या गावापर्यंत बाण काढून प्रदर्शनात लावायचा विचार आहे. चालेल ना?
(एक शिक्षक, सिंधुदुर्ग)

उत्तर : बाण काढू नका, सर. बाटलीवरची भाषा ती कुठे विकली गेली ते सांगते, समुद्रात कुठे पडली ते सांगत नाही.

दक्षिण अटलांटिकमध्ये इनॲक्सेसिबल नावाचं निर्मनुष्य बेट आहे. तिथल्या बाटल्या पीटर रायन आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून मोजत आले. आधी बहुतेक बाटल्या दक्षिण अमेरिकेच्या होत्या, ते वाऱ्या-प्रवाहाच्या दिशेला धरून होतं. २०१८ मध्ये गेले तर नव्याने आलेल्या बाटल्यांत बहुसंख्य आशियातल्या, त्यातही चीनच्या. बाण काढला असता तर अर्ध्या पृथ्वीला वळसा पडला असता. त्यांनी बाटल्यांवरची उत्पादनाची तारीख वाचली. बहुतेक बाटल्या इतक्या नव्या होत्या की आशियातून वाहत यायला जितकी वर्षं लागतात तितकं त्यांचं वयच नव्हतं. म्हणजे त्या जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवरून टाकलेल्या. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून बंदी आहे. आपल्यासमोरूनही जहाजांची मोठी वाट जाते.

बाणाची परवानगी कधी मिळते तेही मुलांना सांगा. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या जहाजावरून पॅसिफिक महासागरात एक कंटेनर पडला. आत २८,८०० खेळणी: पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. नोव्हेंबरात ती अलास्कामध्ये सिटकाच्या आसपास लागायला लागली. किनाऱ्यावर फिरणाऱ्या लोकांनी जागा आणि तारीख लिहून कळवली आणि कर्टिस एबस्मायर व जेम्स इंग्रॅहम या समुद्रशास्त्रज्ञांनी त्यावरून आपलं प्रवाहांचं गणित पडताळलं. तिथे बाण खरा, कारण सुरुवातीची जागा आणि दिवस पक्का माहीत होता.

तुमच्या मुलांनी बाटल्या धुऊन ओळीने मांडाव्यात, प्रत्येकीपुढे चिठ्ठी: भाषा, उत्पादनाची तारीख, सापडल्याची तारीख, आणि अंगावर शिंपले किंवा बार्नेकल (तरंगत्या वस्तूंना घट्ट चिकटून वाढणारे कवचाचे छोटे जीव) आहेत का. मग बाटलीच्या वयाचा साधा स्तंभालेख. तीन महिन्यांची कोरी बाटली आणि आठ वर्षांची, अंगावर बार्नेकलचे झुबके असलेली बाटली शेजारी ठेवली की बघणारा आपणच विचारेल, ही इतकी वर्षं होती कुठे? पाटीवर उत्तर लिहायची घाई करू नका. मुलांना सांगू द्या.

प्रश्न : मोबाइलवर नोंद करावी की वहीत? आमच्यात यावरून वाद आहे.
(एक वाचक, मुंबई)

उत्तर : दोन्ही. ओशन कॉन्झर्व्हन्सीचं ‘क्लीन स्वेल’ किंवा ‘मरीन डेब्रिस ट्रॅकर’ यांसारख्या ॲपमध्ये जागा आणि वेळ आपोआप लागते, आकडे थेट जगाच्या साठ्यात जातात, ते करावंच. पण ओल्या, वाळूने भरलेल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि “चौघांनी कोयत्याने कापून काढलं” ही ओळ लिहायला ॲपमध्ये रकाना नसतो. आमच्याकडे एक जण उचलतो, एक जण मोठ्याने नाव घेतो आणि तिसरा पेन्सिलने वहीत उभ्या रेघा मारतो, पाचवी आडवी. पेन नको, पाणी लागलं की शाई पसरते. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी आकडे मोबाइलमध्ये चढवायचे आणि पानाचा फोटो काढून ठेवायचा.